तिसरा पोस्टडॉक, की खराडीची नोकरी?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: मी मूळची कर्वेनगरची, वय ३४. पुण्यातच बी.एस्सी., एम.एस्सी. आणि पीएच.डी. केली. विषय दीर्घिकांची, म्हणजे गॅलेक्सींची, घडण आणि उत्क्रांती. त्यातही, एकेकाळी धडाधड तारे बनवणाऱ्या दीर्घिका पुढे ते काम थांबवतात का आणि कशा, हा प्रश्न. पहिला पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची मुदतीची संशोधनाची जागा, नेदरलँड्सला झाला, दुसरा जर्मनीत चालू आहे, सप्टेंबरात संपतो. नवरा पुण्यात, बाणेरला नोकरीला. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातली बरीचशी व्हिडिओ कॉलवर. गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मी एकुलती एक. हातात दोन पत्रं आहेत: चिलीत सान्तियागोला दोन वर्षांचा तिसरा पोस्टडॉक आणि खराडीच्या एका कंपनीत डेटा सायन्सची नोकरी. भारतात कायमच्या जागेसाठी अर्ज केले, दोन ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोचले, पुढे काही नाही. आई म्हणते, 'एवढं शिकून शेवटी लोकांच्या कर्जाचे हप्ते मोजणार का?' नवरा म्हणतो, 'तू ठरव, मी आहेच.' काकू, हरले असं मान्य करून परत येऊ, की अजून दोन वर्षं रेटू? सरकारच्या पैशावर शिकले, ते सगळं पाण्यात घालायचं का?

*

तू मला काकू म्हटलंस, म्हणून मीही सरळ 'तू' म्हणते. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझ्या वर्गातली काही मुलं तुझ्याच वाटेला लागली. काही तिथे रुजली, काही बँकांत नि सॉफ्टवेअरमध्ये वळली, एक जण तर आपण होऊन शाळेत शिकवायला गेला. त्यामुळे या वाटेवरचे खाचखळगे जरा जवळून पाहिलेत. वायू संपलेली दीर्घिका वगैरे उपमा तुझ्या विषयातून काढायचा मोह होतोय, पण तो आवरते. तुला आत्ता उपमेचा काही उपयोग नाही.

पत्र दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. बाबांच्या आजारपणावर तू अर्धं पान लिहिलं आहेस. आई काय म्हणाली ते त्यात आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे, आत्यानं फोनवर काय सुनावलं तेसुद्धा आहे. बाबांचं मात्र एकही वाक्य नाही. 'त्यांच्यासाठी मला परत यायलाच हवं' हे त्यांनी म्हटलंय, की तू त्यांच्या वतीनं ठरवलंयस? अँजिओप्लास्टी झालेले माझ्या ओळखीतले चार-पाच गृहस्थ रोज सकाळी टेकडीवर भेटतात आणि मुलांनी आपल्याला आजारी धरलंय अशी तक्रार करतात. तुझे बाबा तसेच असतील असं नाही. पण त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव या हिशेबात धरू नकोस. आणि विचारशील ते आईसमोर नको, दोघंच असताना विचार.

आता 'हरले' म्हणतेस त्याबद्दल. दोन मुलाखतींत निवड झाली नाही, म्हणजे आपण पुरेशा चांगल्या नाही, असं तू धरून चालली आहेस. साधं गणित करून पाहू. समज, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली उभ्या नोकरीत दहा जण पीएच.डी. झाले. ते निवृत्त होतील तेव्हा जागा रिकामी होईल एक. नव्या संस्था निघाल्या, जुन्या वाढल्या, तर आणखी एखाद-दुसरी. उरलेल्या सात-आठ जणांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यातही निवड समितीला त्या वर्षी उपकरण बांधणारा माणूस हवा असतो, किंवा संगणकावर विश्वाची सदृशीकरणं (सिम्युलेशन) करणारा, किंवा आधीच्या गटाला पूरक ठरेल असा कोणी. तुझ्या विषयात तू पहिली असलीस तरी तुझा विषयच त्या वर्षी त्यांच्या यादीत नसतो. हे कुणी तोंडावर सांगत नाही. नकाराचं पत्र दोन ओळींचं येतं आणि त्यातला उरलेला मजकूर आपण आपल्याच मनानं लिहून काढतो.

पुण्यात यावर हमखास येणारं वाक्य मला माहीत आहे, तुझ्या आत्यानंही ते टाकलंच आहे: 'नारळीकर नाही का परत आले!' आले ना. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून आले, ते मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९६३ मध्ये स्टॅनफर्डहून आले, ते होमी भाभांच्या बोलावण्यावरून. दोघांचंही मोठेपण वादातीत आहे. पण इथे येऊन काय करायचं ते त्यांच्यापुढे स्पष्ट होतं, आणि ते करायला जागाही होती. तू तिसऱ्यांदा सूटकेस भरायची की नाही ते ठरवते आहेस. त्यांची उदाहरणं तुझ्यासमोर धरणाऱ्यांना हा फरक दाखवून दे आणि विषय बदल.

नारळीकरांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या कामातली एक गोष्ट मात्र तुझ्या उपयोगाची आहे. १९८८ मध्ये आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती विद्यापीठ अनुदान आयोगाचं आंतरविद्यापीठीय केंद्र म्हणून. विद्यापीठांत आणि कॉलेजांत शिकवणाऱ्यांना संशोधन करता यावं, त्यांना ग्रंथालय, संगणक, दुर्बिणीचा वेळ, बोलायला माणसं मिळावीत, हा तिचा हेतू. आजही आयुकाची असोसिएटशिप घेऊन कुठल्या तरी तालुक्याच्या कॉलेजातले प्राध्यापक सुट्टीत गणेशखिंडीत येऊन राहतात, काम करतात, निबंध लिहून परत जातात. तुझ्या पत्रात 'कायमची जागा' म्हणजे तीन-चार नामांकित संस्था एवढंच आहे. राज्यातली विद्यापीठं, कॉलेजं, खासगी विद्यापीठं यांचा उल्लेखही नाही. विसरलीस की कमी लेखलंस? दुसरं असेल तर मला थोडं वाईट वाटेल, पण समजू शकते.

तरीही त्या वाटेचं गुलाबी चित्र रंगवणार नाही. महाराष्ट्रात कॉलेजच्या भरतीची अवस्था तुझ्या एखाद्या मैत्रिणीला विचार. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे, पीएच.डी. असलेले लोक ढिगानं आहेत. पैसे तासांवर, सुट्टीचे नाहीत, पुढच्या वर्षाची खात्री नाही. 'आत्ता तासिका घे, मग कायम करू' असं कुणी म्हणालं तर लेखी काय देता ते विचार आणि तिथून ऊठ. पूर्णवेळ जागा मिळत असेल तरच त्या वाटेचा विचार कर. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामानुजन फेलोशिप आहे, पाच वर्षांची. वयाची अट चाळिशीच्या आतली. तू ३४ ची. म्हणजे ते दार अजून उघडं आहे, पण चिलीची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष 'बघू' करण्यात गेलं तर ते बरंच लोटलं जाईल.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. खगोलशास्त्र सोडायचं की नाही, असं तू विचारतेस. पण त्यातलं नक्की काय सुटेल, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

२०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरचा शोधनिबंध तुला पाठ असेल, इतरांसाठी सांगते. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपासच्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या मदतीनं ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन, म्हणजे तारे ज्यापासून बनतात तो वायू, मोजायचा होता. एकट्या दीर्घिकेकडून येणारा संदेश इतका क्षीण, की तो हाती लागणं अशक्य. म्हणून पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातल्या आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले; एकाची कुजबुज ऐकू येत नाही, पण हजारोंची एका सुरात आली तर येते, तसं. निघालं ते असं: त्या दीर्घिकांकडे हायड्रोजन भरपूर होता, पण तारे ज्या झपाट्यानं बनत होते त्या झपाट्यानं तो शंभर-दोनशे कोटी वर्षांत संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा येत राहिला नसावा, म्हणून तारे बनायचा वेग उतरत गेला. १००० कोटी वर्षांपूर्वीच्या ऐन बहराच्या मानानं आज तो साधारण एक दशांशावर आलाय.

वाचायला हे फार देखणं आहे. करायला काय असतं ते तू जाणतेस. मोबाइल टॉवर, विजेच्या तारा, उपग्रह यांचा गोंगाट डेटातून वेचून काढायचा. एखादी अँटेना मध्येच रुसलेली असते, तिचे तेवढे तास गाळायचे. मग अंशशोधन (कॅलिब्रेशन), मग पुन्हा पहिल्यापासून, कारण कोडमध्ये कुठेतरी एक चिन्ह उलटं पडलं होतं. महिनोन् महिने पडद्यावर करड्या ठिपक्यांखेरीज काही नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला हेच आवडायचं. 'मॅडम, दीर्घिका असोत की बटाटे, मला सिग्नल बाहेर काढायचा असतो,' असं तो म्हणायचा. तो आज वैद्यकीय प्रतिमांवर काम करतो आणि खुशीत आहे. त्याच्याच वर्गातली एक मुलगी असल्या कामाला कंटाळायची, पण दीर्घिका विझतात का, या प्रश्नानं तिला झोप लागायची नाही. ती वळली असती तर सुकली असती.

तू यातली कोण? सिग्नल काढणं हा तुझा आनंद असेल तर तो खराडीला तुझ्याबरोबर येईल. कर्जाच्या डेटातही गोंगाट असतो, नमुने एकांगी असतात, आणि अपुऱ्या पुराव्यावर किती विश्वास ठेवायचा हे तुला त्या खोलीतल्या बहुतेकांपेक्षा बरं कळेल. पण तो प्रश्नच तुझा आनंद असेल, तर खराडीत तो तुला कुणी विचारणार नाही. 'शनिवार-रविवारी करीन' असं सगळे म्हणतात. पहिले सहा महिने करतातही. पुढे शनिवार किराण्यात जातो नि रविवार झोपेत. हे आधीच माहीत असलेलं बरं.

तू लिहिलंस, 'गेल्या वर्षभरात अर्ज सोडून मी काही लिहिलं नाही, दुसऱ्यांचं काही वाचलंही नाही.' हे वाक्य मला पत्रातल्या बाकी सगळ्यापेक्षा गंभीर वाटलं. तू विषयाला कंटाळली आहेस, की जागा शोधण्याला, हे आत्ता तुला स्वतःलाही सांगता येणार नाही. दोन आठवडे एकही अर्ज उघडू नकोस. रोज सकाळी दोन तास तुझा अर्धवट राहिलेला शोधनिबंध घेऊन बस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घड्याळ पाहायचं विसरलीस तर एक उत्तर मिळालं. दहाव्या दिवशीही जिवावर येत असेल तर दुसरं मिळालं. दोन्ही उत्तरं चांगली आहेत.

तुझ्याच विषयातली एक बाई मला यानिमित्तानं आठवली, बिअट्रिस टिन्सले. मोठ्या दीर्घिकांची चमक काळानुसार फारशी बदलत नाही असं धरून लोक विश्वाची मापं काढत होते, त्या काळात तिनं दाखवलं की दीर्घिकांमधले तारे म्हातारे होतात, चमक बदलते, आणि तो बदल धरला नाही तर मापं चुकतात. तू ज्याला तुझा विषय म्हणतेस त्याचा पाया घालणाऱ्यांत ती आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे घर डॅलसला, पीएच.डी. ऑस्टिनला, मधे सुमारे ३०० किलोमीटर. डॅलसमध्ये तिला तिच्या तोलाची जागा कधी मिळाली नाही. १९७४ मध्ये ती नवरा आणि दोन दत्तक मुलांना सोडून निघाली, १९७८ मध्ये येलला प्राध्यापक झाली आणि १९८१ मध्ये वयाच्या ४०व्या वर्षी कर्करोगानं गेली. व्याख्यानांत ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात, टाळ्याही पडतात. मला ती ऐकवत नाही. एवढ्या ताकदीच्या बाईपुढे 'हे किंवा ते' एवढंच ठेवलं गेलं, याचा मला राग येतो. तूही स्वतःपुढे नेमकं तेवढंच मांडते आहेस, तेसुद्धा कुणी न सांगता.

त्याचं एक कारण म्हणजे नवऱ्याचं 'तू ठरव, मी आहेच' हे वाक्य. ऐकायला उदार आहे, आणि तुझा नवरा मनापासून बोलत असेल यात शंका नाही. पण त्यानं सगळं ओझं तुझ्याच डोक्यावर ठेवलं. तो सान्तियागोला वर्षभर येऊ शकतो का? त्याची कंपनी घरून काम देईल का? तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ-साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे त्याच्या कार्यालयाचा दिवस तिथे मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होणार. हे जमेल का? मूल हवंय का, कधी? हे तू त्याला विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही, आणि त्यानंही काही सुचवलेलं दिसत नाही. 'मी आहेच' म्हणजे नक्की कुठे आहेस, असं त्याला सरळ विचार. भांडण होईल कदाचित. सहा वर्षं लांबून संसार करताना जी भांडणं पुढे ढकलली, त्यातलं हे एक समज.

सान्तियागोचं म्हणशील तर, तिसरा पोस्टडॉक घेण्यात काही कमीपणा नाही, फक्त तो दुसऱ्यासारखाच असेल तर घेऊ नकोस. तिथल्या प्रमुखांना विचार: माझा स्वतःचा प्रकल्प असेल की तुमचाच पुढे न्यायचा? दुर्बिणीच्या वेळेसाठी माझ्या नावानं प्रस्ताव पाठवता येतील? एखादा विद्यार्थी सोबत मिळेल? उत्तरं गुळमुळीत आली तर ती दोन वर्षं निर्णय पुढे ढकलण्यात जातील. आणि तुझ्या सध्याच्या बॉसना सोडून दुसऱ्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला तुझा अर्ज दाखव. 'कसा आहे' असं विचारू नकोस, सगळे 'छान' म्हणतात. 'कायमच्या जागेसाठी यात काय कमी आहे' असं विचार.

खरं काम बाहेरच होतं, असंही तुझ्या मनात कुठेतरी दिसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये एनसीआरएच्या संशोधकांनी 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका जाहीर केली, विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची. आईनं ती बातमी तुला व्हॉट्सअॅपवर पाठवून 'ह्यात तू का नाहीस?' असं विचारल्याचं लिहिलं आहेस. हसू आलं, माफ कर. पण ती दीर्घिका जेम्स वेब दुर्बिणीच्या डेटात सापडली, आणि तो डेटा अवकाशातून आला तरी त्यावरचं काम पुण्यात झालं. जीएमआरटीची निरीक्षणंही काही काळानंतर सगळ्यांसाठी खुली होतात. शिवाय स्क्वेअर किलोमीटर अॅरे या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीतल्या भारताच्या सहभागाला जानेवारी २०२४ मध्ये १,२५० कोटी रुपये मंजूर झाले. त्यात एनसीआरए पुढे आहे, आणि तुझ्यासारखं डेटा हाताळणारं माणूस अशा प्रकल्पांना लागतं, प्राध्यापक म्हणून नसेल तर वैज्ञानिक किंवा अभियंता म्हणून. मुदतीच्या जागा असतात, पण त्या पुण्यात असतात. त्यांच्या जाहिराती पाहिल्यास का? पत्रात उल्लेख नाही.

सरकारच्या पैशाबद्दल एवढंच. आज पीएच.डी.ला पहिली दोन वर्षं महिना ₹३७,००० आणि पुढे ₹४२,००० फेलोशिप मिळते, वर घरभाडं; तुझ्या वेळी याहून कमी होती. तो कामाचा मोबदला होता. प्रबंध झाला, निबंध छापले गेले, तुझ्यानंतर आलेली मुलं तुझा कोड वापरतात असं तूच लिहिलंयस. हिशेब चुकता आहे. आईला हप्त्यांबद्दल काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ, पण तिच्या बोलण्यात तुच्छतेपेक्षा धास्ती जास्त आहे असं मला वाटतं. इतकी वर्षं ती शेजारपाजारी 'माझी मुलगी आकाशाचा अभ्यास करते' असं सांगत आली आहे.

मला विचारशील तर, तुझ्या पत्रावरून माझा कल पुण्याकडे झुकतो. खराडीकडे मात्र लगेच नाही. सप्टेंबरनंतर तीन-चार महिने इथे राहून प्रकल्पांतल्या जागा, विद्यापीठं आणि रामानुजन, तिन्हीकडे नेटानं प्रयत्न करावेस आणि डिसेंबरअखेर काही हाती लागलं नाही तर नोकरी घ्यावीस. त्यासाठी कंपनीला रुजू होण्याची तारीख जानेवारीची मागून पाहा. हुशार माणसासाठी कंपन्या थांबतात, फार तर नाही म्हणतील. बाहेरचं संशोधन छापायला त्यांच्या करारात आडकाठी आहे का, हे सहीच्या आधी वाच. दोन आठवड्यांनी सकाळचे ते दोन तास तुला वेगळंच सांगत असतील, तर माझं ऐकू नकोस, सान्तियागोला जा.

चिलीला उत्तर द्यायची मुदत पुढच्या आठवड्यात संपते म्हणालीस. आजच मेल करून तीन आठवडे वाढवून माग; कारण सांगायची गरज नाही, 'घरगुती' एवढं पुरतं. आणि अर्धवट निबंधाच्या सहलेखकांना मसुद्याची तारीख कळवून टाक. तुला कुठलीही जागा घ्यायची असली तरी तो निबंध लागणारच आहे, आणि ते तुझ्या मेलची वाट बघत असणार.